बेडकी कुठून गळते

३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आजीचे पोटभर आशीर्वाद.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण आपल्या घरात फोनवर बोलायचं म्हणजे तुझ्या मामाला मांडीवर बसवून बोलण्यासारखं आहे. माझाच मुलगा, नावं ठेवू नयेत, पण भिंतीपलीकडचं कुजबुजणं त्याला ऐकू येतं आणि समोर उभं राहून "नळ दुरुस्त कर" म्हटलेलं येत नाही. असो.

बातमी अशी की बेडकी गळते. म्हणजे तुझ्या आजोबांची गाडी गं. ते गेल्यापासून ती गॅरेजातच बसून आहे, आणि बसल्या जागी गळते. म्हातारपणी असं व्हायचंच, मी कुठल्या तोंडाने हसू, पण मी निदान दुसऱ्याच्या फरशीवर डाग पाडत नाही. आधी मी खाली जुनी वर्तमानपत्रं घातली. मग बिस्किटाच्या डब्याचं झाकण ठेवलं. आता माझी मोठी परात तिच्याखाली गेलीय आणि मी कणीक ताटात मळते. आणि तेल असं काळं की त्यात तोंड बघावं, दहा वर्षांनी तरुण दिसतं.

मामाने लगेच निकाल दिला. "आई, ती गाडी संपली. देऊन टाकू." आणि गिऱ्हाईक तयार ठेवलेलंच! दातांचे डॉक्टर आहेत, जुन्या गाड्या जमवतात. आले, बेडकीभोवती फिरले, तिचे ते बटबटीत दिवे बघितले आणि म्हणाले, "क्यूट आहे हो!" ज्या गाडीला हात लावायचा तर आजोबा माणसाची नखं तपासत, तिला क्यूट. ते ऐकायला हे नाहीत ते बरंच झालं, नाहीतर डॉक्टरांना स्वतःचेच दात बसवून घ्यावे लागले असते. पुढच्या महिन्याच्या शेवटी नेणार आहेत. मामाने शब्द दिलाय. शब्द द्यायला मामा अगदी कर्ण, घरात चहाची कपबशी उचलून देणार नाही.

पण ती गाडी तुझी ना गं? तू दोन वेण्या घालून तिच्या बॉनेटमध्ये इंजिन शोधत होतीस आणि ते मागे निघालं म्हणून टाळ्या पिटत होतीस, तेव्हाच आजोबा म्हणाले होते, "ही हिची." मामा म्हणतो, "मरायला टेकलेली गाडी पोरीच्या गळ्यात कशाला बांधू?" बघ किती कळवळा.

मिस्त्री बोलावला होता. त्याचं नाव मी काढून-बघू ठेवलंय. त्याला म्हटलं, दार कुरकुरतंय, तर म्हणाला, "इंजिन काढून बघू." गळतीसाठी खाली वाकला, च् च् केलं, आणि म्हणाला, "आजीबाई, सीलं गेली, पॅकिंगं गेली, सगळंच गेलं."

"मग राहिलंय काय?" मी विचारलं.

"ते काढल्यावर कळेल."

आणि मामा दर रविवारी सकाळी, मी आंघोळीला गेले की गॅरेजात जातो आणि दार लोटून घेतो. किती लवकर विकता येईल याचाच विचार करत उभा राहत असणार.

तू इंजिनांच्या कारखान्यात हात काळे करतेस, तर इथूनच सांग, कुठून गळतंय? माझे डोळे वापर. मोतीबिंदू काढल्यापासून चांगले आहेत, सुनेने न पुसलेली धूळसुद्धा दिसते.

तुझी,
आजी


१२ फेब्रुवारी

प्रिय आजी,

साष्टांग नमस्कार. इंजिनावर तुझे डोळे आणि तुझी जीभ दोन्ही वापरायची आहेत, त्यामुळे बेडकी वाचायलाच हवी, नाहीतर निदान शरमेने गळायची थांबेल.

पहिली गोष्ट. थेंब जिथे पडतो तिथून गळत असतं असं नाही. या इंजिनाला पाणी नाही, मोठा पंखा वारा घालून ते थंड ठेवतो. वारा तेलाला ढकलत नेतो, म्हणजे चोर एका घरात आणि पावलं तिसऱ्याच अंगणात. काढून-बघू पावलं बघून अख्खी गल्ली पाडायला निघालाय.

तू असं कर. गाडी थंड असताना रॉकेल आणि ब्रशने इंजिन स्वच्छ पूस. पाण्याची नळी मारू नकोस. कोरडं झालं की सगळीकडे टाल्कम पावडर भुरभुर. खाली पांढरा पुठ्ठा अंथर. मग गॅरेजची दारं सताड उघडून, हँडब्रेक ओढून, गिअर न घालता इंजिन चालू कर आणि चांगलं तापू दे. बंद केल्यावर आरसा आणि टॉर्च घेऊन बघ. पावडर सगळ्यात वर कुठे भिजली ते शोध. खालचे सगळे त्याचेच ओघळ. आणि जॅक लावून खाली शिरू नकोस. तू शिरशील म्हणून लिहितेय.

बघायच्या जागा: दोन्ही बाजूंना खालची लांबट झाकणं, त्यांना टॅपेट कव्हर म्हणतात. त्यांच्यामधल्या तेल परतायच्या नळ्या. आणि वर, पंख्याच्या आसपास काय दिसतं ते सगळं.

मामाला कळू देऊ नकोस. तो कळवळेल.

तुझी,
भिंगरी


२४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

झालं! केलं! आणि काय सांगू तुला, तुझ्या आजोबांच्या उभ्या हयातीत मला जे सुख मिळालं नाही ते मिळालं. मी ड्रायव्हरच्या जागेवर बसले.

एकटीने नाही, शेजारच्या सिस्टरबाई होत्या. रिटायर झालेल्या नर्स, पण सवय जात नाही. आल्या आल्या बेडकीचं मागचं झाकण उघडून म्हणाल्या, "पेशंटला किती दिवस अंघोळ नाही?" मग दोघींनी ब्रश घेऊन घासलं. त्यांनी कोपरे असे पुसले की एवढी काळजी त्यांच्या नवऱ्याची झाली असती तर तो आज असता, असं मी मनात म्हटलं. मग पावडर. माझ्या कपाटात सुवासिक डबा पडून होता, तुझ्या मामीने वाढदिवसाला दिलेला, मला काय तो आवडत नाही. अख्खा रिकामा केला. बेडकी अशी दिसत होती की आता बोहल्यावरच चढवावी.

मग मी आत बसले. सिस्टरबाई बाहेरून म्हणाल्या, "अहो, गिअर नाही ना?" मी म्हटलं, "मला गिअर कुठला हेच माहीत नाही, म्हणजे नसणारच." त्यांनी स्कूटर चालवलेली आहे, त्यांनी दांडा हलवून बघितला, मग मी किल्ली फिरवली. आणि भिंगरे, तो आवाज! कढईत वाटाणे तडतडावेत तसा आधी, मग घशातून गुरगुरल्यासारखा. माझ्या पाठीत कळत होता. सगळा जन्म मी शेजारच्या सीटवर बसून "हळू, हळू" म्हणत आले. चुकीच्या सीटवर होते म्हणून तसं म्हणत होते, हे मला परवा कळलं.

पण धूर! निळा धूर मागून असा निघाला की समोरच्या बंगल्यातल्या बाईने खिडक्या लावून घेतल्या आणि तिचा माळी डास मारायची गाडी आली म्हणून बाहेर पळत आला.

आता ऐक काय दिसलं. डाव्या बाजूचं खालचं टॅपेट कव्हर ओलसर. ओलसर म्हणजे झोपेत तोंडातून लाळ गळते एवढं. त्या नळ्या कोरड्या, पावडर जशीच्या तशी. पण वर तो फिल्टरचा डबा आहे ना, हवा आत घ्यायचा, तो खालून पूर्ण भिजलेला, आणि त्यातून तेल टपटपतंय. सिस्टरबाईंनी क्लिपा उघडल्या तर आतला फिल्टर तेलात बुडालेला. त्या म्हणाल्या, "फुफ्फुसात पाणी झालंय." मी म्हटलं, "पाणी नाही, तेल." म्हणाल्या, "तत्त्व तेच."

तेवढ्यात मामा ऑफिसातून लवकर आला. त्याचं नशीब आणि आमचं दुर्दैव. धूर बघितला, तेल बघितलं. पांढरा पडला. मी म्हटलं, आता बोलणार, इतकं आयतं मिळालंय. नाही. काढून-बघूला बोलावलं, तो म्हणाला, "पिस्टनच्या रिंगा गेल्या. धूर म्हणजे शेवटचा श्वास." उचलली जीभ. मामा जेवला नाही. पोट बिघडलं असेल. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन करून म्हणाला, "लवकर नेता आली तर बघा." माझं काळीज असं तुटलं, पण मी काही बोलले नाही. म्हणजे फक्त संध्याकाळपर्यंत बोलले, नंतर थकले.

आता तुझ्या हातात आहे. डॉक्टर येतील तेव्हा येतील. खरंच शेवटचा श्वास आहे का गं?

आजी


३ मार्च

प्रिय आजी,

नाही. शेवटचा श्वास नाही. ढेकर आहे.

फिल्टरच्या डब्यात तेल येतं ते एकाच वाटेने. या गाडीचं तेल इंजिनाच्या पोटात नसतं, बाजूला वेगळी टाकी असते. टाकीत जास्त तेल झालं की ते वरच्या नळीतून फिल्टरमध्ये उलटतं, तिथून इंजिनात जातं आणि जळून निळा धूर होतो, उरलेलं बाहेर टपकतं. परातीत पडत होतं तेही हेच जास्तीचं, इंजिनात साचून कव्हराच्या कडेने झिरपलेलं. काही फुटलेलं नाही. कोणीतरी तिला कोंबून खायला घालतंय.

आणि कोण ते शोधायला हवं. चूक मात्र कोणाचीही होईल अशी आहे. तेल बघायची काडी असते. सगळ्या गाड्यांत ती सकाळी, थंड, बंद असताना बघतात. बेडकीचं उलटं. गाडी उभी राहिली की टाकीतलं तेल हळूहळू खाली इंजिनात उतरतं, काडी कोरडी निघते. म्हणजे तेल संपल्यासारखं वाटतं, आणि संपलेलं नसतं. तिचं तेल बघायचं ते इंजिन पूर्ण तापलेलं, चालू आणि गाडी सपाट जागेवर असताना. सकाळी काडी बघून कोणी ओतलं, तर ते ओतलेलं सगळं जास्तीचं. पुढच्या वेळी पुन्हा काडी कोरडी, पुन्हा ओतलं.

खरं सांग आजी. तू ओततेस? तुझा हात सढळ आहे. तू माझ्या चहात किती साखर घालतेस ते मला माहीत आहे.

भिंगरी


११ मार्च

भिंगरे,

मी? मी ओतते? त्या गाडीचं झाकण उघडायला मला आयुष्यभर परवानगी नव्हती आणि आता तू माझ्यावर आळ घेतेस! पत्र वाचून मी अशी रागावले की चहात साखर घालायचीच विसरले.

पण रागातही मला तुझं म्हणणं पटलं. दूध उतू जातं तेव्हा पातेल्याला भोक पडलं असं कोणी म्हणतं का? आणि तो काढून-बघू पातेलंच कापायला निघाला होता. पहिला संशय मी त्याच्यावरच घेतला. बोलावून विचारलं, "तू तेल ओततोस का रे?" म्हणाला, "आजीबाई, मी काढतो, ओतत नाही." हे मात्र खरं.

मग मी तुझं पत्र रात्री जेवताना टेबलावर मोठ्याने वाचलं. म्हटलं, होऊ दे एकदा उघड, मामालाही कळू दे की गाडी मेलेली नाही आणि तो जिवंत गाडी विकतोय. सूनबाई ऐकत होती, मामा मान खाली घालून जेवत होता. मी "कोणीतरी तिला कोंबून खायला घालतंय" इथे आले आणि सहज वर बघितलं.

मामाचे कान लाल.

लहानपणापासून हे असं आहे. तोंडाने खोटं बोलू शकतो, कान बोलू देत नाहीत. मी पत्र खाली ठेवलं. सूनबाईने घास तसाच धरला.

"तू?" मी म्हटलं.

"मीठ दे," तो म्हणाला.

"मीठ नंतर. तू ओततोस?"

"दर रविवारी काडी कोरडी असते, आई!" एकदम ओरडलाच. "दर रविवारी! मी भरतो आणि पुढच्या रविवारी पुन्हा कोरडी. मला वाटलं ती आतून खातेय. तेल पिऊन पिऊन मरतेय. आणि मी बघत बसू? माझ्या डोळ्यांसमोर? एकदा बघितलंय, पुरे झालं. ज्याला दुरुस्त करता येते त्याच्याकडे जाऊ दे."

मी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा वाद सोडला आणि त्याच्या ताटात मीठ वाढलं. सूनबाई साक्षीला आहे, तिने कॅलेंडरवर खूण करून ठेवली असेल.

गॅरेजात जुन्या गादीमागे तेलाचे रिकामे डबे निघाले. हा त्याचा विकायचा विचार! आणि मी मूर्ख बाई आंघोळ करता करता त्याला शिव्या देत होते, साबण डोळ्यांत जायचा तो उगीच नाही.

आता तो तुला लिहिणार म्हणतोय. लिहिलं तर समज की सूर्य पश्चिमेला उगवला. डॉक्टरांना मात्र अजून नाही म्हटलेलं नाही. म्हणतो, "शब्द दिलाय." आता काय करावं या कर्णाचं?

आजी


१८ मार्च

चि. भिंगरी,

मला पत्र लिहिता येत नाही, त्यामुळे मुद्द्याचं लिहितो.

तू सांगितल्याप्रमाणे गाडी बाहेर सपाट रस्त्यावर घेतली, पूर्ण तापवली, इंजिन चालू ठेवून काडी काढली. तेल वरच्या खुणेच्याही खूप वर होतं. खालचा नट सैल करून जास्तीचं काढलं. आईच्या आंघोळीची बादली घेतली, त्यावरून घरात जे झालं ते लिहीत नाही. फिल्टर बदलला, डबा पुसला. धूर पहिल्या दिवशी आला, दुसऱ्या दिवशी थोडा, आता नाही.

डावं टॅपेट कव्हर अजून ओलसर आहे. हे गंभीर आहे का? मिस्त्रीला विचारलं नाही, काय म्हणेल ते माहीत आहे.

एक सांगायचं होतं. बाबा दवाखान्यात होते तेव्हा शेवटच्या दिवसांत मला म्हणाले होते, "बेडकीचं तेल कमी पडू देऊ नकोस. आणि बघताना..." तेवढ्यात नर्स इंजेक्शन घेऊन आल्या आणि मला बाहेर जायला सांगितलं. मी आत आलो तेव्हा ते झोपले होते. राहिलेलं अर्धं विचारायचं राहून गेलं. मी अर्ध्यावर काम चालवलं.

हे आईला सांगू नकोस.

तुझा,
मामा


२३ मार्च

प्रिय मामा,

नमस्कार.

कव्हर गंभीर नाही. नवं पॅकिंग आण, जुनं पूर्ण खरवडून काढ, कडा चिंधीने कोरड्या पूस. नट एकदम आवळू नकोस. सगळे थोडे थोडे, आळीपाळीने, या बाजूचा मग त्या बाजूचा. तू रागात पेन बंद करतोस तसं केलंस तर कव्हरच वाकेल.

तुला राहिलेलं अर्धं वाक्य हवं असेल तर ते असं होतं: "आणि बघताना इंजिन चालू ठेव." मला आजोबांनी ते पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, तेव्हा मी काडीने शेजारच्या कुत्र्याशी तलवारबाजी करत होते. तुला त्यांनी पूर्ण सांगितलं नाही, पण विश्वासाने तुलाच सांगितलं. मला नुसती गाडी दिली.

डॉक्टरांचं काय करायचं ते तू ठरव. मी "माझी गाडी" म्हणून भांडणार नाही. तिला वर्षभर खायला तू घातलंस, जरा जास्तच, पण तूच.

भिंगरी


२ एप्रिल

चि. भिंगरीस आजीचे आशीर्वाद, आशीर्वाद, आशीर्वाद.

डॉक्टर रविवारी आले. गाडी वर चढवून न्यायचा ट्रक घेऊन आले, सोबत बायको, तिच्या हातात फोन, फोटो काढायला. सकाळपासून मामा कव्हराशी झटत होता. पॅकिंग बसवलं, नट आळीपाळीने आवळले, खाली पांढरा पुठ्ठा घातला, गाडी तापवून आणली, मग पुठ्ठा ओढून बघितला. कोरडा. त्याने तो मला, सूनबाईला आणि सिस्टरबाईंना दाखवला. प्रगतिपुस्तकही त्याने इतक्या अभिमानाने कधी आणलं नव्हतं, आणायला तसं काही नसायचंही.

डॉक्टर म्हणाले, "चला, चढवू या. गळतीची काळजी करू नका, माझ्याकडे माणूस आहे."

मामा म्हणाला, "गळत नाही."

"वा! मग तर उत्तमच."

"म्हणूनच देत नाही."

डॉक्टरांचं तोंड उघडंच. इतरांची तोंडं उघडायची सवय, स्वतःचं कधी उघडलं नसेल. म्हणाले, "अहो, आजारी होती तेव्हा देत होता, बरी झाली तर देत नाही? तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता," मामा म्हणाला. "चुकीचा दिला होता. मला वाटलं ती मरतेय आणि माझ्याच्याने ते बघवणार नव्हतं. ती मरत नव्हती. मीच जास्त भरत होतो. माफ करा." हात जोडले. कान लाल होते, पण मान वर होती.

ते ट्रकचं भाडं पुटपुटत गेले. त्यांची बायको जाता जाता बेडकीचा फोटो काढून गेली, तेवढं क्यूट घेऊन जाऊ देत.

मग मामाने माझ्यासाठी दार उघडलं. शेजारच्या सीटचं. मी म्हटलं, "ती सीट नको." तो म्हणाला, "आई, आधी लायसन काढ." म्हणून मी शेजारी बसले, पण या वेळी "हळू" म्हटलं नाही. गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर गेलो. आणि तुझा मामा बोलू लागला. तुझ्या आजोबांबद्दल. ते गेल्यापासून एक अक्षर बोलला नव्हता गं, तेरावं झाल्यावर फोटो भिंतीला लावला आणि संपलं. आता बोलत होता, हात सोडून सांगत होता, मध्येच हसत होता, एकदा बाहीने डोळे पुसले आणि पुन्हा गिअर टाकला.

आणि बेडकी मागून अशी गर्जत होती की त्याच्या बोलण्यातला "बाबा" सोडून एक शब्द माझ्या कानावर पडला नाही. मी काच वर केली नाही, "मोठ्याने बोल" म्हटलं नाही. प्रत्येक वळणावर मान डोलावली. मग त्याने परतायचा फाटा आला तरी गाडी वळवली नाही आणि मीही त्याला फाटा दाखवला नाही.

तुझी,
आजी